पिओहो एरेरा: रागाने घात केला की ६१ व्या मिनिटाने?

तिसरा_स्टॉपर
मेक्सिकोच्या फुटबॉल टीमचा तेव्हाचा कोच मिगेल एरेरा म्हटलं की लोकांना २०१४ चा वर्ल्डकप आठवतो. टचलाइनवर सूट घालून किंचाळणारा, गोल झाला की खेळाडूंच्या अंगावर झेप घेणारा बुटका माणूस. त्याचं टोपणनाव पिओहो, म्हणजे ऊ, आणि नाव शोभतं. त्याआधीचं सहसा कोणी बघत नाही. तेकोस, सान्तोस लागुना, अत्लान्ते, तोरोस नेसा अशी मेक्सिकन क्लबांची दारं फिरलेला डिफेन्डर. १९९२-९३ ला कोच ला व्होल्पेच्या अत्लान्तेकडून लीग जिंकला, देशाकडूनही खेळला, पण १९९४ च्या वर्ल्डकपच्या संघात नाव नाही. पात्रता फेरीत होंडुरासच्या डोल्मो फ्लोरेसला त्याने जे आडवं केलं, ती गोष्ट तिकडे अजून चघळली जाते.

२०१५ ला गोल्ड कप (उत्तर-मध्य अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) जिंकला, दोनच दिवसांत हकालपट्टी. कारण फिलाडेल्फियाच्या विमानतळावर टीव्ही समालोचक मार्टिनोलीशी झालेली झटापट. माझं म्हणणं सरळ आहे: एकाच रागापायी हा माणूस दोन वर्ल्डकपना मुकला, खेळाडू म्हणून १९९४ आणि कोच म्हणून २०१८.

ऑफसाइड_आजोबा
अहो, राग काढून घेतला तर पिओहोत उरतं काय? मे २०१३, अस्तेका स्टेडियम, मेक्सिकन लीगची फायनल, धो धो पाऊस. क्रुझ अझुल दोन्ही लेग मिळून २-० पुढे, एरेराचा क्लब अमेरिका लवकरच दहा जणांवर आलेला. शेवटच्या मिनिटांत मोस्केराचं हेडर, मग गोलकीपर मुन्योस वर धावत आला आणि डोक्याने बरोबरी! पेनल्टीवर कप. चिंब भिजलेला एरेरा वेड्यासारखा नाचत होता. शांत कोचची टीम तिथे कधीच मान टाकून बसली असती.

घोरपडे_फुल्लबॅक
दोघांचंही पटत नाही. राग हा बहाणा झाला. त्या गोल्ड कपमध्ये कोस्टा रिकाला हरवलं ते १२० मिनिटं उलटल्यावरच्या पेनल्टीने. सेमीत दहा जणांच्या पनामाला दोन पेनल्टींनी. टीम केव्हाच ढेपाळली होती, विमानतळाने फक्त निमित्त दिलं.

खरी चूक २०१४ च्या वर्ल्डकपमध्ये फोर्तालेझाला झाली. नेदरलँड्सविरुद्ध जिओव्हानी दोस सान्तोसने ४८ व्या मिनिटाला गोल मारला, आणि ६१ व्या मिनिटाला याने त्यालाच बाहेर काढून अकिनोला आणलं. तिथून टीम मागे मागे सरकत गेली. ८८ व्या मिनिटाला स्नायडरचा गोल, मग रॉबेनने मिळवलेल्या पेनल्टीवर हुन्टेलारचा. डिफेन्डरची खोड ती, एक गोल हातात आला की दार लावून बसायचं.

तिसरा_स्टॉपर
@घोरपडे, हाफटाइमच्या तोंडावर आपल्या डिफेन्डर मोरेनोचा पाय मोडला होता, एक बदल तिथेच खर्ची पडला. दुपारी १ ची मॅच, कूलिंग ब्रेक घ्यावा लागला इतकं ऊन. आणि त्याच ब्रेकमध्ये डच कोच व्हॅन गालने डाव बदलला, तो स्वतःच नंतर म्हणाला. रॉबेनला मार्केसचा पाय लागला की नाही यावर मेक्सिको आजही 'नो एरा पेनाल' (पेनल्टी नव्हतीच) करतंय, आणि तुम्ही अकिनोला धरून बसलात.

घोरपडे_फुल्लबॅक
व्हॅन गालने ब्रेक वापरला. एरेराने त्या ब्रेकमध्ये पाणी पाजलं.

ऑफसाइड_आजोबा
हे मात्र लागलं. तरी ऑक्टोबर २०१३ आठवा. महिना-दीड महिन्यातला मेक्सिकोचा चौथा कोच, पात्रता गळ्याशी आलेली. न्यूझीलंडला दोन मॅचमध्ये मिळून ९-३ ने लोळवलं. ती आग विझवायला पिओहोच लागला ना?

घोरपडे_फुल्लबॅक
आग विझवायला बोलवा, घर बांधायला नको. २०२५ मध्ये कोस्टा रिकाने बोलावलं. शेवटची मॅच घरच्या मैदानावर, ०-०, २०२६ चं तिकीट गेलं. तिथे त्याने कुणावर हात उचलला नव्हता.

तिसरा_स्टॉपर
समोर कोण होतं ते गाळलंत. होंडुरास.