मदत हवी आहे: ग्लासवूलच्या कारखान्यातील काम आणि कर्करोगाची भीती

माझे मोठे बंधू जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ग्लासवूल व रॉकवूल (काच व दगड वितळवून केलेले, उष्णता अडवणारे लोकरीसारखे तंतू) कापण्याचे काम बऱ्याच वर्षांपासून करतात. घरी आल्यावर त्यांच्या शर्टाच्या बाह्यांवर बारीक तंतू चमकतात, मनगटांना खाज सुटते, आणि आता कोरडा खोकलाही हटत नाही, त्यामुळे वहिनी धास्तावल्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये हे तंतू ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले होते. २००१ च्या फेरतपासणीत ते ‘वर्गीकरण करता येत नाही’ या गटात गेले, मात्र भट्टीच्या अस्तराचे सिरॅमिक तंतू आधीच्याच गटात राहिले. यामुळे धीर येतो, पण पुरता नाही, कारण तंतू बांधणाऱ्या राळेत बहुधा फॉर्मल्डिहाइड असते व ते कर्करोगकारक ठरलेले आहे. शिवाय दादा विडी ओढतात, ती आधी सुटायला हवी.

व्यवसायजन्य आजारांची जाण असलेले छातीविकारतज्ज्ञ जळगाव, भुसावळ वा धुळ्यात कोणी आहेत का? एक्स-रे पुरेसा आहे, की सीटी स्कॅन व श्वसनक्षमतेची चाचणीही करावी? हवेतील तंतूंच्या मोजमापाचा अहवाल कामगाराने व्यवस्थापनाकडे मागावा की थेट कारखाना निरीक्षकांकडे? नोकरीला धक्का न लागता ज्यांनी तो मिळवला असेल, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.