पंचगंगा घाट ते प्रयाग चिखली : मुलीसह सायकलने जाता येईल का?

प्रश्न : माझी ९ वर्षांची मुलगी सायकल चांगली चालवते. रविवारी सकाळी तिला कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावरून प्रयाग चिखलीच्या संगमापर्यंत नेण्याचा विचार आहे. रस्ता तिला झेपेल का?

उत्तर : ताई, अवश्य न्या. रस्ता बहुतांशी सपाट आहे. काळजी घ्यायची ती शिवाजी पुलावर, कारण रत्नागिरीकडे जाणारी जड वाहने तिथूनच जातात. म्हणून उजाडताच निघावे आणि मुलीला पुढे ठेवून आपण मागून चालवावे. आंबेवाडीकडे वळल्यावर दुतर्फा उसाचे मळे लागतात आणि मन प्रसन्न होते. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी या नद्यांच्या पाण्यातून पंचगंगा कशी होते, हे तिला संगमावरच समजावून सांगा. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असते, तेव्हा हात धरूनच उतरावे.

दुसरे उत्तर : गाळप हंगामात ट्रॅक्टरमधून पडलेल्या उसाच्या कांड्यांवरून चाक घसरते, याकडे लक्ष असू द्या. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हा बेत टाळाच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखली, आंबेवाडी पाण्याखाली होती.

प्रश्नकर्ती : दोघांचेही आभार. आधी रंकाळा तलावाभोवती सराव करून मगच निघू.