कूलर लावताच एमसीबी पडते : तपासताना प्रवाह एक अँपिअरवर रोखता येईल का?

प्रश्न (परभणी)

नमस्कार. मार्च उजाडला की आमच्याकडे माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. माझा पत्र्याचा कूलर गेल्या उन्हाळ्यात शेवटपर्यंत व्यवस्थित चालला होता. या वर्षी मात्र बटण दाबताच त्या खोलीची 10 अँपिअरची एमसीबी (जादा प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडते. बिघाड पंख्याच्या मोटरीत आहे, पाण्याच्या पंपात आहे की वायरीत, हे एकेक भाग जोडून पाहिल्याशिवाय कळणार नाही आणि प्रत्येक जोडणीला तो ‘फट्’ आवाज ऐकण्याची माझी तयारी नाही. दोन उपाय सुचले आहेत. एक, 6 अँपिअरची एमसीबी बसवणे. दुसरा, फेजच्या वायरीत 230 ओहमचा रेझिस्टर घालणे, म्हणजे पूर्ण शॉर्ट असला तरी 230 व्होल्टवर एकच अँपिअर वाहील. यांपैकी सुरक्षित कोणता?

उत्तर (नांदेड)

मी मोटर रिवाइंडिंगचे काम करतो. तुमचे गणित बरोबर आहे, पण त्या एका अँपिअरला रेझिस्टरमध्ये 230 वॅट उष्णता निर्माण होईल. दुकानात सहज मिळणारा 10 वॅटचा रेझिस्टर काही क्षणांतच जळून जाईल. आमच्याकडे त्यासाठी सिरीज बोर्ड असतो. एका पाटीवर बटण, होल्डर आणि सॉकेट बसवायचे. फेज बटणातून होल्डरला आणि होल्डरमधून सॉकेटला न्यायची, न्यूट्रल सॉकेटला सरळ द्यायची. होल्डरमध्ये जुना, तारेचा 100 वॅटचा बल्ब लावायचा. एलईडी बल्ब येथे निरुपयोगी आहे, कारण तो साध्या रोधासारखा वागत नाही.

बल्बची खुबी अशी की थंड असताना त्याच्या तारेचा रोध सुमारे 40 ओहम असतो आणि पूर्ण पेटल्यावर तो 529 ओहमपर्यंत चढतो. त्यामुळे सॉकेटमध्ये पूर्ण शॉर्ट आला तरी पहिला क्षण सोडल्यास 0.43 अँपिअरपेक्षा अधिक प्रवाह वाहत नाही; बल्ब लख्ख पेटतो आणि एमसीबी जागेवर राहते. छोटा पंप ठीक असेल तर बल्ब जेमतेम लालसर दिसेल. पंख्याची मोटर जोडल्यावर ती नुसती गुणगुणेल किंवा रेंगाळत फिरेल. तो तिचा दोष नव्हे, तिला पुरेसे व्होल्टेज मिळत नाही इतकेच. तिला तसे फार वेळ ठेवू नका. आणखी एक: संध्याकाळी गावाकडे व्होल्टेज इतके उतरते की शॉर्ट असूनही बल्ब मंद वाटतो, म्हणून आधी सॉकेटची दोन्ही टोके मुद्दाम जोडून पूर्ण उजेड कसा दिसतो ते पाहून ठेवा. टोके जोडताना आणि सोडवताना प्लग भिंतीतून काढलेला असावा.

उत्तर (जालना)

वरील कृती योग्य आहे. परंतु तिच्यातून एक घातक समज निर्माण होऊ शकतो. सिरीज बोर्ड वायरीला आणि मोटरीला वाचवतो, माणसाला नाही. माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने 1000 ओहम धरला आणि त्यात थंड बल्बचे 40 ओहम मिळवले, तर अंगातून सुमारे 220 मिलिअँपिअर प्रवाह जाईल, आणि तेवढ्याने 100 वॅटचा बल्ब फार तर मंद लालसर दिसेल. बल्ब विझलेला आहे, म्हणून पत्र्याला हात लावण्याची चूक करू नये. अर्थिंग तुटलेल्या कूलरच्या पत्र्यात फेज उतरली असेल, तर बल्ब अंधारातच राहील आणि ओल्या फरशीवर उभ्या असलेल्या माणसाला झटका बसेल.

एमसीबी प्रवाह मर्यादित करत नाही, तो वाढल्यावर खंडित करते. 6 अँपिअरची एमसीबी पावणेसात अँपिअर तासभर वाहू देते, आणि ‘सी’ प्रकारची असल्यास ती तत्काळ पडण्यासाठी 30 ते 60 अँपिअर लागतात. आपल्याकडे वरची काळी माती उन्हात भेगाळते आणि खाली खडक लागतो, त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी न घातल्यास त्याचा रोध बराच वाढतो. तो 20 ओहम झाला, तर पत्र्यात उतरलेली फेज जमिनीत जेमतेम साडेअकरा अँपिअर सोडेल. एवढ्यावर तुमची 10 अँपिअरची एमसीबी तासभरही स्वस्थ बसू शकते.

म्हणून ज्या टेबलावर तपासणी करता, त्याच्या सर्किटवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा आणि तिचे ‘टी’ बटण अधूनमधून दाबून पाहा. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पूर्ण परतला नाही, की ती पडते. मात्र दोन्ही हातांनी फेज आणि न्यूट्रल धरणाऱ्याला ती ओळखू शकत नाही. तिच्या दृष्टीने तोही एक दिवाच असतो.

चालू उपकरण उघडून काम करायचे असेल, तर दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्यावा, त्यावर एका वेळी एकच उपकरण जोडावे आणि त्याच्या पुढे झालेली गळती मागची आरसीसीबी पकडत नाही, हे लक्षात ठेवावे. घरचा स्टेबिलायझर या कामाला चालत नाही. बहुतेक स्टेबिलायझरांत आणि डिमरस्टॅटमध्ये (व्होल्टेज कमी-जास्त करण्याच्या उपकरणात) एकच गुंडाळी असते, त्यामुळे त्यावर काम करणारा माणूस लाइनपासून वेगळा होत नाही.

प्रश्नकर्ता (परभणी)

दोघांचेही आभार. सिरीज बोर्ड बनवला आणि आरसीसीबीही बसवली. तारेचा 100 वॅटचा बल्ब तिसऱ्या दुकानात मिळाला. पंख्याची मोटर जोडली तेव्हा बल्ब तांबूस झाला. पंप जोडताच तो लख्ख पेटला आणि आरसीसीबीसुद्धा पडली. प्लग काढून पाहिले, तर पंपाची वायर पत्र्याच्या ज्या छिद्रातून जाते, तेथे धारेने तिचे आवरण कापले जाऊन फेज आणि न्यूट्रल एकमेकांना व पत्र्याला टेकल्या होत्या. कापलेल्या तारा हिरवट पडल्या होत्या. तेवढा भाग कापून सांधा केला आणि टेप लावली, तर चालेल का?

उत्तर (नांदेड)

पाण्याच्या इतक्या जवळ सांधा ठेवू नका. पंपापासून बटणापर्यंत अखंड नवी वायर ओढा आणि छिद्रात रबराचे कडे बसवा. नंतर प्लग काढलेला असतानाच मल्टीमीटरने प्लगची अर्थिंगची पिन आणि कूलरचा पत्रा यांतील रोध मोजा. तो एक ओहमच्या आत आला, तरच टाकीत पाणी भरा.