प्रॉन्गहॉर्नसाठी आधी पाणवठा धरा

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात पहिल्याच वेळी रांगत जाऊन धनुष्यबाणाने प्रॉन्गहॉर्नची (माळावरचा हरणासारखा प्राणी) शिकार करायचा तुमचा बेत मला पटत नाही. उघड्या माळावर त्याची नजर फार लांबून हालचाल टिपते. ऑगस्टच्या कोरड्या उन्हात पाणवठ्याजवळ कापडी आडोसा काही दिवस आधीच लावून ठेवा. तुम्ही आत दिसू नये म्हणून काळे कपडे घाला, आडोशाची मागची खिडकी बंद ठेवा. पाऊस पडून जागोजागी डबकी साचली, तर मात्र कुंपणाकडे वळा. तारेवरून उडी मारण्यापेक्षा तो खालून निसटतो, त्या वाटा झिजलेल्या दिसतात. आला म्हणून लगेच धनुष्याची दोरी ताणू नका. तो बिचकतो, पुन्हा पुन्हा मान वर करतो. निवांत पिऊ लागला आणि त्याची पूर्ण कूस तुमच्याकडे आली, तरच बाण सोडा. जखमी जनावर पळून जाता कामा नये. गाडीत भरपूर बर्फ हवाच, त्या उकाड्यात मांस लवकर खराब होतं.