स्मृती पुसल्यावर पात्रात काय उरते? मनोवैज्ञानिक विज्ञानकथेविषयी

शब्दवेधी:
नमस्कार. मी एक दीर्घ विज्ञानकथा लिहीत आहे. तिच्या नायिकेने एका अपघाताची आठवण उपचाराने कायमची पुसून घेतली आहे. तो उपचार कसा चालतो हे मला मांडता येते. परंतु त्यानंतर तिच्या मनात काय घडते ते लिहू लागले, की मजकूर मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकासारखा कोरडा होतो, नाहीतर विज्ञान मागे पडून केवळ दुःखाची कथा उरते. अशा कथा वाचताना वा लिहिताना आपण कशाकडे लक्ष देता?

मृद्गंध:
उपचारातून काय निसटले, तिथे शोधा. घटनांची आठवण आणि शरीराने शिकलेल्या गोष्टी मेंदू एकाच ठिकाणी साठवत नाही. हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, बराचसा भाग १९५३ साली अपस्मारावरील शस्त्रक्रियेत काढण्यात आला, आणि त्यानंतरच्या घटना त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या. तरीही आरशात पाहून आकृती गिरवण्यात ते सरावाने तरबेज होत गेले, जरी आपण हे आधी कधी केल्याचे त्यांना आठवत नसे. त्याहून बोलका प्रसंग स्विस मानसशास्त्रज्ञ एदुआर क्लापारेद यांनी १९११ मध्ये नोंदवला आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या एका रुग्ण स्त्रीशी हस्तांदोलन करताना त्यांनी हातात टाचणी लपवून तिला टोचली. पुढच्या वेळी तिने त्यांना ओळखले नाही, पण हात मात्र मागे घेतला, आणि कारण विचारल्यावर कधीकधी लोकांच्या हातात टाचण्या असतात, अशा अर्थाचे उत्तर दिले. हे उत्तर मला फार मोलाचे वाटते, कारण भीती टिकली, तिचे मूळ हरवले, आणि मनाने ती रिकामी जागा एका पटण्याजोग्या स्पष्टीकरणाने भरून काढली. आपली नायिका एखादा रस्ता टाळत असेल आणि दर वेळी त्याचे वेगळे, पण प्रामाणिक कारण देत असेल, तर विज्ञान आणि मन वेगळे दाखवावे लागणार नाही.

निरंतर:
मृद्गंध यांच्याशी सहमत आहे. यात निवेदनाचा विचारही जोडावा. डॅनियल कीज यांच्या 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' या १९५९ च्या कथेत बुद्धी वाढवण्याचा उपचार घेतलेला नायक स्वतःच्या प्रगतीच्या नोंदी लिहितो. बुद्धी वाढते तशी त्याची भाषा आणि शुद्धलेखन बदलते, आणि पुढे घसरणही वाचकाला तिथेच दिसते. उपचाराचा परिणाम कोणी समजावून सांगण्याची गरजच पडत नाही. आपणही नायिकेलाच बोलू द्यावे.

काठावरचा:
निरंतर यांचा मुद्दा त्या कथेपुरता योग्य आहे, परंतु इथे मला शंका वाटते. जे आठवतच नाही ते नायिका सांगणार कशी? तिच्या निवेदनात ती पोकळी वाचकाच्याही नजरेआड राहील. त्याऐवजी जिला सर्व आठवते आणि जिने गप्प राहण्याचे वचन दिले आहे, अशा बहिणीच्या नजरेतून लिहून पाहावे. नायिका त्या रस्त्याविषयी नवे कारण सांगते तेव्हा बहिणीने मान डोलवायची की खरे बोलायचे, हा पेच त्या उपचारानेच निर्माण केलेला असेल, आणि म्हणून तो दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या कथेत शक्य होणार नाही.

शब्दवेधी:
मनापासून आभार. बहीण कथेत आधीपासूनच आहे, मात्र तिला आतापर्यंत एकही प्रसंग दिलेला नव्हता. पहिले प्रकरण तिच्या बाजूने पुन्हा लिहिते, आणि उपचाराच्या यंत्रणेचे वर्णन बहिणीला जेवढे कळले असेल तेवढेच ठेवते.