'इन' आला की उलटा अर्थ? नेहमी नाही!

बरेचदा सांगितलं जातं की 'इन' लागला की इंग्रजी शब्दाचा अर्थ उलटा होतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. इनकरेक्ट, इनव्हिजिबल इथवर ठीक, पण हा नियम आमच्या अंगाशी येता येता राहिला. रत्नागिरीत मिरकरवाड्याला होडीच्या फायबरचं काम चालू होतं. थिनरच्या डब्यावर लाल अक्षरांत 'इनफ्लेमेबल'. कामावरचा बारावी झालेला पोरगा बिडी काढत म्हणतो, "हा पेटत नाय काका, डब्यावरच लिवलाय." म्हाताऱ्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण नाक शाबूत होतं. त्याने काडेपेटी हिसकावून घेतली. या शब्दातला 'इन' नकाराचा नाहीच. तो लॅटिनमधला 'आत' या अर्थाचा, म्हणजे 'चटकन पेट घेणारा'. हाच घोटाळा टाळायला अमेरिकेत १९२० च्या दशकापासून नुसतं 'फ्लेमेबल' लिहा असा आग्रह सुरू झाला. दोन्हींचा अर्थ एकच!

आणि इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलरमधले 'इम्', 'इल्', 'इर्' हे वेगळे उपसर्ग म्हणून पाठ करायची गरज नाही. सगळा तोच नकाराचा 'इन', पुढच्या अक्षराला बघून रंग बदलणारा. आपला 'सम्' तरी काय करतो? संगम, संचय, संताप, संपत्ती मोठ्याने म्हणून बघा, प्रत्येक वेळी अनुस्वार वेगळा लागतो. नकाराचा 'इन' तर आपल्या अनादर, अनुचितमधल्या 'अन्'चा सख्खा भाऊबंद आहे.