ताकायासू आणि बेशेटमध्ये महाधमनीची झडप बदलताना आधी दाह शमवायचा का?

निवासी डॉक्टर: ताकायासू आर्टेरायटिसच्या (महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांच्या भिंतीला दाह होणारा आजार) रुग्णात महाधमनीची झडप जोरात गळतेय, डावं वेंट्रिकल फुगत चाललंय. ईएसआर, सीआरपी (दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) अजून चढेच आहेत. ऑपरेशन पुढे ढकलावं का? नुसती झडप बदलावी की बेंटॉल (झडप आणि महाधमनीचं मूळ दोन्ही बदलणं) करावं? बेशेटमध्येही (रक्तवाहिन्यांना दाह होणारा दुसरा आजार) हेच लागू आहे का?

हृदयशल्यचिकित्सक: हार्ट फेल्युअर औषधांनी आटोक्यात असेल तर थांबा. दाह चालू असलेल्या ऊतीत टाका धरत नाही, ओल्या पुठ्ठ्यासारखी ती कापली जाते. मग झडपेच्या कडेने गळती, टाक्यांच्या रेषेवर भिंत फाटून रक्ताचा खोटा फुगा, म्हणजे स्यूडोअ‍ॅन्युरिझम, शेवटी झडपच सुटते.

बेशेटमध्ये हा धोका फार मोठा. तिथे झडप महाधमनीच्या मुळासकट बदलणं मला अधिक सुरक्षित वाटतं: ग्राफ्ट अ‍ॅन्युलसच्या (झडपेच्या कड्याच्या) खाली, आउटफ्लो ट्रॅक्टमध्ये (डाव्या वेंट्रिकलमधून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेत) शिवायचा आणि फेल्टच्या (जाड कृत्रिम कापडाच्या) पट्टीने आधार द्यायचा. कोरोनरी बटणांनाही (हृदयाच्या रक्तवाहिन्यांची मुखं भिंतीच्या ज्या तुकड्यांसह पुन्हा जोडतात ते) पट्टी हवी. ताकायासूत मूळ रुंदावलेलं नसेल तर नुसती झडप चालते, पण उरलेली महाधमनी पुढे फुगू शकते.

कोरोनरींची मुखं सीटीत नीट पाहा. बायपास लागणार असेल तर इंटर्नल मॅमरी (बायपाससाठी वापरतात ती छातीतली धमनी) गृहीत धरू नका. ती सबक्लेव्हियनमधून (हाताकडे जाणारी धमनी) निघते आणि या आजारात सबक्लेव्हियनच अनेकदा अरुंद असते. महाधमनीच्या भिंतीचा तुकडा पॅथॉलॉजीला पाठवाच.

भूलतज्ज्ञ: सबक्लेव्हियन अरुंद असू शकते म्हणूनच रक्तदाब चारही हातापायांत मोजा. अरुंद बाजूच्या हातावरचा आकडा खोटा कमी येतो. त्यावर विसंबून दाब वाढवणारं औषध चढवलं, तर खरा दाब भलताच वाढतो. कॅरोटिड (मेंदूकडे जाणारी मानेतली धमनी) अरुंद असेल तर पंपावर (हार्ट-लंग मशीनवर) दाब नेहमीपेक्षा वर ठेवावा लागतो. बरेच दिवस स्टिरॉइड चालू असेल तर भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन (हेही स्टिरॉइडच) 100 मिग्रॅ शिरेतून, पुढे 24 तासांत 200 मिग्रॅ.

संधिवाततज्ज्ञ: एकट्या सीआरपीवर जाऊ नका. तो नॉर्मल असतानाही भिंतीत दाह असू शकतो, शंका असल्यास पेट सीटी (दाह असलेली जागा दाखवणारं स्कॅन). टोसिलिझुमॅब (दाह दाबणारं औषध) चालू असेल तर सीआरपी दबलेलाच राहतो, म्हणजे ऑपरेशननंतरचा संसर्गही लपतो.

निवासी डॉक्टर: थांबायला वेळच नसेल तर?

संधिवाततज्ज्ञ: मग स्टिरॉइडच्या आच्छादनाखाली ऑपरेशन करा, आणि जखम भरू लागली, संसर्ग नाही हे कळलं की इम्युनोसप्रेशन (प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) लगेच पूर्ववत सुरू करा. इथेच ढिलाई होते: झडप बसली म्हणून औषधं कमी केली जातात आणि काही महिन्यांत गळती दिसते. पुढे ताप आणि नवी गळती एकत्र आली तर आधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ही तपासणी) घ्या. बेशेटमध्ये कल्चर वारंवार निगेटिव्ह आलं, तर एंडोकार्डायटिस (झडपेचा जंतुसंसर्ग) समजून नुसती अँटिबायोटिक्स लांबवू नका, मूळ आजारच उसळलेला असू शकतो.